तुणतुणेकरी : परभणी-हिंगोली परिसरातील गोंधळ व शाहिरी परंपरेतील एक उपेक्षित साथीदार

महाराष्ट्राच्या लोकसंगीताविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. पोवाड्यांचे संग्रह निघाले, लावण्यांची संपादने झाली, गोंधळ, जागरण, भारूड, तमाशा या प्रयोगरूप कलांची धार्मिक व सामाजिक अंगांनी चिकित्सा झाली. डॉ. रा. चिं. ढेरे, डॉ. प्रभाकर मांडे, डॉ. अशोक दा. रानडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या विषयाला शास्त्रीय बैठक मिळवून दिली. तथापि शाहिराच्या किंवा गोंधळातील नायकाच्या शेजारी उभा राहून रात्रभर एक तार छेडणारा तुणतुणेकरी या लेखनात अभावानेच भेटतो. वाद्यांच्या यादीत तुणतुण्याचे नाव येते आणि लेखणी लगेच संबळाकडे किंवा ढोलकीकडे वळते. प्रस्तुत निबंधात परभणी-हिंगोली परिसरातील परंपरा डोळ्यांसमोर ठेवून या साथीदाराचे वाद्य, त्याची वादनरीत आणि इतिहासातील त्याचे स्थान यांचा विचार केला आहे.

या उपेक्षेत भाषेचाही वाटा आहे. एखादा मनुष्य तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागला की ‘त्याने तेच तुणतुणे लावले आहे’ असे आपण म्हणतो. स्वतःचेच म्हणणे रेटणारा ‘आपलेच तुणतुणे वाजवतो’. वीणा, सनई, मृदंग या वाद्यांच्या वाट्याला असा उपहास आलेला नाही. एकच स्वर काढणारे, म्हणून कंटाळवाणे, असा समज या वाक्प्रचारांच्या मुळाशी आहे. हा समज वाद्याच्या कार्यासंबंधीच्या अज्ञानातून आला आहे, हे पुढील विवेचनावरून लक्षात येईल.

वाद्याची घडण

तुणतुण्याची रचना वरवर पाहता अगदी साधी असते. लाकूड कोरून केलेले सुमारे वीतभर ते फूटभर उंचीचे नळकांडे, त्याचे खालचे तोंड कातड्याने मढवलेले व वरचे उघडे. नळकांड्याच्या बाहेरच्या अंगाला वेळूची काठी पक्की बसवलेली असते आणि काठीच्या वरच्या टोकाला खुंटी असते. कातड्याच्या मध्यातून निघालेली पोलादी तार नळकांड्याच्या पोकळीतून वर येऊन या खुंटीला गुंडाळलेली असते. वाजवणारा वाद्य काखेत किंवा कोपराच्या बेचक्यात धरतो व बोटाने अथवा लहानशा काडीने तार छेडतो. एवढीच ही सामग्री. कोणत्याही खेड्यातील सुताराला व कातडे मढवणाऱ्या कारागिराला ती सिद्ध करता येते, म्हणूनच भटक्या कलावंतांच्या पाठीवर ती शतकानुशतके राहिली.

परंतु या साधेपणात एक विशेष दडलेला आहे. तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते; घोडीवरील जवारीमुळे तिचा नाद लांबतो आणि एका छेडीतून निघालेला स्वर दुसऱ्या छेडीत मिसळून अखंड गुंजन निर्माण होते. तुणतुण्याला घोडी नसते. तार थेट कातड्याला जोडलेली असल्याने छेड पडताच कातडे हादरते, आघात ठसठशीत उमटतो आणि नाद लवकर विझतो. शास्त्रकार ज्यांना तत वाद्ये व अवनद्ध वाद्ये म्हणतात, त्या दोन्ही वर्गांचे गुण येथे एकत्र आले आहेत. नाद टिकत नसल्यामुळे स्वर धरून ठेवायचा तर प्रत्येक मात्रेला नवी छेड द्यावी लागते. परिणामी तुणतुणे स्वर देता देता लयही देते. तंबोरा हे काम करीत नाही. उघड्या माळावर, डफ व संबळ यांच्या गदारोळात, ध्वनिवर्धकाशिवाय तंबोरा ऐकू येणार नाही. तुणतुण्याचा टोकदार आघात मात्र त्या गदारोळातून गायकाच्या कानापर्यंत पोहोचतो.

यल्लमाच्या जोगत्यांच्या हाती असणाऱ्या चौंडक्याशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. चौंडकेही कातडे आणि तार यांच्या संयोगातून घडलेले. पण त्याची तार हाताने कमीअधिक ताणता येते आणि त्यातून घसरत जाणारा घुमारा निघतो. तुणतुण्याची तार खुंटीने बांधलेली. त्याच्याकडून चढउताराची अपेक्षा नसते; एका जागी ठाम राहणे हेच त्याचे काम होय.

वादनाची रीत

पोवाडा हा प्रकार गद्य व पद्य यांच्या मिश्रणातून उभा राहतो. शाहीर कडवे उंच स्वरात गातो, मग थांबून प्रसंग सांगतो, श्रोत्यांना हाका घालतो आणि पुन्हा एकाएकी कडव्यावर झेप घेतो. या गद्याच्या अवकाशात त्याचा षड्ज कोण सांभाळतो? डफाला निश्चित स्वर नसतो. झांजेचाही उपयोग नाही. तो भार तुणतुणेकऱ्यावर असतो. शाहीर बोलत असताना तो छेड हलकी करतो पण थांबत नाही; कडवे जवळ आले हे शब्दांवरून ओळखून छेड घट्ट करतो, आणि शाहीर गळा लावतो तेव्हा स्वर व लय दोन्ही त्याच्यासाठी तयार असतात. येथे शाहिराच्या आख्यानाचे संपूर्ण पाठांतर साथीदारालाही असावे लागते. ज्याला कथा ठाऊक नाही त्याला हे वाद्य वाजवता येणार नाही, ही गोष्ट ‘एकसुरी’ म्हणणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

शिवाय तुणतुणेकरी केवळ वादक नसतो. तो झीलकरीही असतो. शाहिराच्या ओळीचा शेवट उचलून ‘जी जी’ची झील लावणे, कधी ओळ वरच्या पट्टीत परतवणे आणि त्या वेळी हाताची छेड न चुकवणे, अशी दुहेरी कामगिरी त्याला करावी लागते. तमाशाच्या फडात हेच काम सुरत्ये करतात. गणाच्या वेळी डफ-तुणतुण्यासह उभे राहणारे सुरत्ये प्रेक्षकांना परिचित आहेत.

वाद्य सुरात ठेवणे हेही कौशल्याचेच काम. कातडे हवेतील ओलाव्याला तत्काळ प्रतिसाद देते. वैशाखातील कोरड्या हवेत ते आखडते व स्वर चढतो. उत्तररात्री दव पडू लागले की ते सैल होते व स्वर उतरतो. रात्रभर चालणाऱ्या गोंधळात ही स्थित्यंतरे एकाच बैठकीत घडतात. अशा वेळी वाद्य थांबवून जुळवण्याची सोय नसते. दोन छेडींच्या मध्ये खुंटीला अलगद पीळ देऊन षड्ज जागेवर आणावा लागतो, आणि तोही श्रोत्यांना न कळता.

गोंधळातील साथ

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. त्यामुळे या दोन जिल्ह्यांतील लोककलांचा विचार वेगवेगळा करणे युक्त ठरत नाही. एकीकडे माहूरची रेणुका व दुसरीकडे तुळजापूरची भवानी या दोन शक्तिपीठांच्या प्रभावक्षेत्रात हा प्रदेश येतो. गोंधळी समाजातील रेणुराई व कदमराई हे भेदही अनुक्रमे याच दोन दैवतांशी निगडित आहेत. लग्नकार्यानंतर गोंधळ घालण्याची चाल अनेक कुळांत आहे.

गोंधळाच्या संचात नायक, संबळ वाजवणारा, तुणतुणेकरी व झांज वाजवणारा असे मोजके लोक असतात. पूर्वरंगात देवतांना आवाहन होते, उत्तररंगात आख्यान लागते. उत्तररंगात साथीदाराचे महत्त्व एकदम वाढते. नायक कथा सांगतो तेव्हा साथीदार हुंकार भरतो, भाबडे प्रश्न विचारतो, मध्येच विनोद करून नायकाला अडवतो, आणि नायकाने दिलेल्या उत्तरातून कथा पुढे सरकते. हा संवाद चालू असताना हातातील तार वाजतच असते. विनोदाच्या नेमक्या क्षणी छेड थांबते, हशा पिकतो, आणि पुढच्याच मात्रेला ती पुन्हा सुरू होते. नटाचे भान आणि वादकाचा हात एकाच देहात असल्याशिवाय हे साधत नाही. विठ्ठल उमप (१९३१-२०१०) यांनी ‘जांभूळ आख्यान’ आधुनिक रंगमंचावर आणले, तेव्हा शहरी प्रेक्षकाला या सवाल-जबाबी कथनाची ताकद प्रथमच जवळून अनुभवता आली.

परभणीचे राजारामभाऊ कदम यांच्यामुळे या भागातील गोंधळाला मराठवाड्याबाहेर प्रतिष्ठा लाभली. ‘गोंधळमहर्षी’ ही उपाधी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. ती यथार्थच आहे. मात्र सर्वच लोककलांत घडते त्याप्रमाणे येथेही कीर्ती नायकाभोवती एकवटते.

याच भूमीत एका दुसऱ्या तंतुवाद्याला अगदी वेगळा मान मिळतो, हे नमूद करणे अगत्याचे आहे. परंपरेनुसार संत नामदेवांचे जन्मगाव असलेले नरसी हिंगोली जिल्ह्यात आहे. नामदेवांच्या कीर्तनपरंपरेत, वारकऱ्यांच्या दिंडीत व सप्ताहात वीणेचे स्थान सर्वोच्च असते. सप्ताहात वीणा खाली ठेवली जात नाही. पहारेकरी बदलतात, वीणा अखंड उभी राहते. वीणेकऱ्याच्या पाया पडण्याचा प्रघात आहे. सांगीतिकदृष्ट्या पाहिले तर वारकऱ्याची वीणा व गोंधळ्याचे तुणतुणे यांचे कार्य बरेचसे एकच आहे : मोकळ्या तारा छेडून गायकाला आधारस्वर देणे. तरीही एकापुढे लोक नतमस्तक होतात आणि दुसऱ्याचे नाव थट्टेत निघते. याचे कारण वाद्यात शोधून सापडणार नाही. ते वाजवणाऱ्याच्या सामाजिक स्थानात आहे. गोंधळी समाजाची गणना भटक्या जमातींत होते. तमाशाचे फड बहुतांशी दलित कलावंतांनी उभे केले. दारोदार फिरून, जोगवा व बिदागीवर जगणाऱ्यांच्या हातातील वाद्याला ‘भिक्षेचे वाद्य’ ठरवले गेले, आणि त्याच्या नादाचे मूल्यमापनही त्याच नजरेने झाले.

नावांचा प्रश्न

इतिहासलेखनाच्या दृष्टीने खरी अडचण नावांची आहे. अफजलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांतील अत्यंत जुना मानला जातो. त्याच्या कर्त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण पोवाड्याच्या अखेरीस कवी आपली नाममुद्रा घालतो. पेशवाईतील अनंत फंदी, राम जोशी, प्रभाकर, सगनभाऊ यांची नावेही अशीच टिकली. होनाजी-बाळा या जोडनावात तर रचना करणारा होनाजी शिलारखाने आणि गाणारा बाळा करंजकर असे दोघेही अमर झाले. या जोडीत गायकापर्यंत श्रेय पोहोचले, पण वादकापर्यंत ते आले नाही. हॅरी ॲकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह प्रसिद्ध केला, पुढे य. न. केळकरांनी ‘ऐतिहासिक पोवाडे’ संपादित केले. या थोर कार्याविषयी कृतज्ञताच वाटते. परंतु संग्राहकांचे लक्ष संहितेवर व तिच्यातील ऐतिहासिक तपशिलावर होते. पोवाडा कागदावर उतरला आणि तो तोलून धरणारी तार कागदाबाहेर राहिली.

आधुनिक काळातही चित्र फारसे पालटले नाही. महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचून या प्रकाराला नवे प्रयोजन दिले. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, आणि १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी स्थापन केलेले लाल बावटा कलापथक यांनी तमाशाचा साज समाजपरिवर्तनाच्या कामी लावला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गाणी मराठवाड्याच्या वस्त्यावस्त्यांत पोहोचली. जे जलसे समतेचा विचार गावोगाव नेत होते, त्यांच्यातील साथीदारही बहुतांशी अनामच राहिले, ही विसंगती नोंदवावीशी वाटते.

ही स्थिती केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरी ‘कंट्री’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण ढंगाच्या संगीताचे ध्वनिमुद्रण मोठ्या प्रमाणावर होई. तेथे ठरावीक वादकांचा एक गट दिवसामागून दिवस निरनिराळ्या गायकांना साथ देत असे. त्यांपैकी ग्रेडी मार्टिन या गिटारवादकाने मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ मधील ‘डोन्ट वरी’ या गीतात सहा तारांची बेस गिटार वाजवली. ध्वनिमिश्रण यंत्रातील बिघाडामुळे त्या गिटारचा नाद फाटका, घरघरता उमटला. तो तसाच ठेवला गेला, आणि पुढे तसा नाद मुद्दाम काढणारे उपकरण १९६२ मध्ये बाजारात आले. गाणे गायकाच्या नावाने गाजले. नादाचा मागोवा घेत वादकापर्यंत पोहोचण्याचे काम पुढच्या अभ्यासकांना करावे लागले. तुणतुण्याच्या कातड्यातून निघणारी खरखर आपल्याकडे आजही दोष म्हणून गणली जाते, तिचा असा मागोवा कोणी घेतलेला नाही.

अलीकडे अनेक कार्यक्रमांत तुणतुण्याची जागा विजेवर चालणाऱ्या श्रुतिपेटीने किंवा कळफलकाने घेतली आहे. यात कलावंतांची सोय आहे आणि एका माणसाची बिदागीही वाचते; त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण श्रुतिपेटी षड्ज देते, लय देत नाही. संबळ द्रुत झाला तरी ती आपल्याच गतीने चालू राहते, आणि नायकाला अडवून प्रश्नही विचारत नाही. अशा प्रयोगांतून उत्तररंगातील संवाद आखडत जातो आणि आख्यान सलग निवेदनाचे रूप घेते.

म्हणून विद्यापीठे व महाविद्यालये यांनी या परिसरातील गोंधळाचे ध्वनिमुद्रण करताना काही व्यवहार्य बदल करणे आवश्यक आहे. ध्वनिग्राहक नायकाच्या मुखाजवळ असतो तसा एक तुणतुण्याजवळही असावा. मुद्रण सुरू होताना व पहाटे संपताना वाद्याचा षड्ज स्वतंत्रपणे नोंदवावा, म्हणजे रात्रीत तो किती हलला आणि कसा सावरला गेला हे तपासता येईल. आणि नोंदवहीत आज नायक व गाव एवढेच रकाने असतात, तेथे संबळ, तुणतुणे व झांज वाजवणाऱ्यांची नावे, त्यांचे गाव आणि त्यांनी विद्या कोणाकडून घेतली याचा तपशील त्याच रात्री, कलावंत पुढच्या गावाला निघण्यापूर्वी, लिहून घ्यावा.