भिवापूर परिसरातील प्राचीन अवशेष व नागपूरचा वस्तुसंग्रह : स्थलनोंदीचा विचार

उमरेडहून पवनीकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले भिवापूर हे गाव आपल्या मिरचीकरिता विदर्भात सर्वश्रुत आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्याच्या भोवतालचा प्रदेश अधिक मोलाचा वाटतो. पूर्वेस वैनगंगेकाठी पवनी, उत्तरेस कुही तालुक्यात मांढळ व आदम, आणि पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक अशी ही स्थळे आहेत. तेथून निघालेल्या वस्तू कोणी उचलल्या, कोठे नेल्या व नेताना स्थळाची नोंद कितपत ठेवली, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाची स्थापना सन १८६३ ची होय. लोक त्यास ‘अजब बंगला’ म्हणतात, आणि या नावातच त्या काळच्या संग्रहवृत्तीचे वर्णन सामावले आहे. त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यात पाद्री स्टीफन हिस्लॉप हे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहावयास गेले होते. परतताना बोरीनजीकच्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांची टिपणे टेंपल यांनी सन १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. माणूस गेला, पण टिपणे वाचली, म्हणून त्याचे निरीक्षण पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडले. सन १८६५ च्या डिसेंबरात नागपुरात मोठे प्रदर्शन भरले. त्यात कलाकुसर, कारागिरांचा माल व शेतीचे उत्पन्न ही मांडलेली होती. प्रांतात काय पिकते व काय घडते हे दाखविणे हा त्याचा हेतू होता. गतकाळाचा शोध हा नव्हे.

या वृत्तीचा परिणाम उत्खननावरही झाला. रिव्हेट-कार्नॅक यांनी नागपूरजवळील जुनापाणी येथील शिलावर्तुळे उकरली आणि तेथील वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये गेल्या. बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे सन १८७० मध्ये तांब्याच्या ४२४ वस्तू व चांदीचे १०२ पत्रे एकाच ठिकाणी सापडले. तो ठेवाही एकत्र राहिला नाही, निरनिराळ्या संग्रहालयांत वाटला गेला. मोजदाद झाली होती म्हणून संख्या तरी आज सांगता येते. परंतु कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या शेजारी पडलेली होती, हे कुऱ्हाडी वाटून घेतल्यावर कोणास विचारावे?

याच्या उलट उदाहरण देवटेकच्या शिलेचे आहे, आणि ते जरा विस्ताराने सांगण्याजोगे आहे. ही शिला आता नागपूरच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर दोन लेख आहेत. पहिला मौर्यकालीन ब्राह्मी लिपीत असून त्यात प्राण्यांच्या हिंसेस मनाई करणारी आज्ञा आहे. दुसरा त्यानंतर कित्येक शतकांनी, वाकाटक रुद्रसेनाच्या काळी कोरलेला असून त्यात त्या राजाच्या धर्मस्थानाचा निर्देश आहे. दोन्ही लेखांत ‘चिकंबरी’ वा तत्सदृश ग्रामनाम येते. म. म. वा. वि. मिराशी यांनी ते देवटेकजवळच्या चिकमारा या गावाशी जुळविले. ही जुळणी शक्य झाली ती शिला कोठली हे ठाऊक होते म्हणूनच. तीच शिला ‘मध्यप्रांत’ एवढ्याच नोंदीने दालनात उभी असती, तर लिपितज्ज्ञाने अक्षरे वाचली असती, पण गाव हाती लागले नसते. मौर्यांच्या वेळचे एक ग्रामनाम आजच्या शेतकऱ्याच्या तोंडी टिकून आहे, हा बोध केवळ दगडातून होत नाही; दगड आणि जागा यांच्या संयोगातून होतो.

स्वातंत्र्योत्तर काळात हा दृष्टिकोन बदलला. सन १९६१–६२ मध्ये बा. कृ. थापर यांनी जुनापाणी येथे पद्धतशीर उत्खनन केले. सन १९६८ मध्ये नागपूर विद्यापीठाने डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली टाकळघाट व खापा येथे काम आरंभिले. हिस्लॉपच्या अखेरच्या दिवसाचे स्थळ असे शंभराहून अधिक वर्षांनी पुनः अभ्यासाखाली आले. लगेच सन १९६९–७० मध्ये पवनीचे स्तूप उजेडात आले. मांढळ येथे सन १९७५ पासून डॉ. अजयमित्र शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या कामात वाकाटककालीन शैव मूर्ती मिळाल्या. त्यांतील अनेकमुखी शिवमूर्तीची ओळख कशी करावी याविषयी विद्वानांत एकमत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने पुढे आदम येथे केलेल्या उत्खननात ‘अस्सक जनपद’ या नामाची मृण्मुद्रा सापडली. ती कोणत्या थरात होती हे नोंदलेले असल्यामुळेच अश्मकांच्या प्रदेशाविषयीच्या चर्चेत तिला स्थान आहे.

तथापि भिवापूर परिसरातील शेतकऱ्याच्या बाजूने पाहता एक गोष्ट राहून गेलेली आहे. सन १८६३ प्रमाणे आजही त्याच्या रानातील वस्तू शहराकडेच जाते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे बहुतेक वेळा अपरिहार्य असते, आणि प्रस्तुत लेखकाचा त्यास विरोध नाही. पण वस्तूबरोबर केलेल्या नोंदीची प्रत गावी ठेवण्यास कोणती अडचण आहे? मांढळच्या ज्या टेकाडांतून मूर्ती निघाल्या त्यांना भोला हुडकी व बोंगी हुडकी अशी नावे तेथील लोकांनीच दिलेली आहेत. नांगराच्या फाळाला लागलेली वीट किंवा खापर कोणत्या धुऱ्यापाशी निघाले, हे प्रथम त्यांनाच कळते.