सहा गोळ्या पुरेत का?

आजचा विषय ऐकून काही जण चपापले असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने पिस्तुलाच्या गोळ्या कशाला मोजाव्यात? मी काही बंदुकीचा जाणकार नाही, हे आधीच कबूल करतो. पण 'पुरेसं म्हणजे किती' हा आमचा फार जुना प्रश्न आहे, आणि तो प्रत्यक्षात जिवावर बेततो अशी एक जागा मला अमेरिकन पोलिसांच्या इतिहासात सापडली. कामावर निघालेला पोलीस कमरेच्या पट्ट्याला पिस्तूल लावतो. त्यात भरलेल्या गोळ्या असतातच. प्रश्न जादा गोळ्यांचा आहे. त्या किती घ्यायच्या?

आपल्याकडे हा प्रश्न फारसा चर्चेत येत नाही. खाजगी माणसाकडे शस्त्र असेल तर किती काडतुसं बाळगायची याचा आकडा परवान्यातच लिहिलेला असतो. आणि आपल्या साध्या शिपायाच्या हातात बहुतेक वेळा लाठी असते. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची रायफल धरून ठेवली, तेव्हा त्यांच्याजवळ लाठीच होती. अमेरिकेत मात्र गस्तीवरच्या जवळजवळ प्रत्येक पोलिसाच्या कमरेला पिस्तूल असतं. त्यामुळे तिथे हा प्रश्न रोजचा आहे, आणि त्याचं उत्तर गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत अनेकदा बदललं. ते का बदललं, कुणामुळे बदललं, हे आज बघायचं आहे.

आधी हत्याराविषयी दोन शब्द. रिव्हॉल्व्हरमध्ये एक फिरतं चक्र असतं आणि त्याला बहुधा सहा घरं असतात. विसाव्या शतकाचा मोठा भाग अमेरिकन पोलिसांनी याच सहागोळी रिव्हॉल्व्हरवर काढला. सहाच का? सातवं घर करायचं तर चक्र जाड होतं, हत्यार बोजड होतं. म्हणजे हा आकडा कुणी पोलिसांच्या गरजा अभ्यासून काढलेला नव्हता, तो लोखंडाच्या मापातून आला होता. पुढे मात्र वापरणाऱ्यांना तो जणू निसर्गनियमच वाटू लागला. जादा गोळ्या पट्ट्यावरच्या छोट्या चामडी पिशवीत सुट्या असायच्या. झाकण उघडलं की त्या हातावर पडत आणि एकेक करून घरात भरायच्या. दुपारी, सावलीत, कुणी आपल्यावर गोळ्या झाडत नसताना हे सोपं असतं.

५ एप्रिल १९७०ची रात्र. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या उत्तरेला न्यूहॉल नावाचं गाव आहे. एका गाडीतून कुणीतरी बंदूक दाखवून धमकावलं, अशी तक्रार आली होती. महामार्ग पोलिसांनी ती गाडी एका पेट्रोल पंपाजवळ थांबवली. आत बॉबी डेव्हिस आणि जॅक ट्वायनिंग हे दोन गुन्हेगार होते आणि त्यांच्याकडे हत्यारांचा साठा होता. पाच मिनिटांच्या आत चार पोलीस मारले गेले : वॉल्टर फ्रेगो, रॉजर गोर, जेम्स पेन्स आणि जॉर्ज अ‍ॅलेन. चौघांपैकी एकानेही वयाची पंचवीस वर्षं पूर्ण केलेली नव्हती.

यातल्या पेन्सकडे लक्ष द्या. त्याने सहाच्या सहा गोळ्या झाडल्या आणि एकही लागली नाही. तो जखमी अवस्थेत पिशवीतल्या सुट्या गोळ्या भरत असताना हल्लेखोर जवळ आला आणि त्याने त्याला ठार केलं. या घटनेनंतर कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसांनी एक साधं साधन स्वीकारलं : सहाही गोळ्या गोलाकार धरून ठेवणारी एक छोटी चकती. ती चक्रावर टेकवून कळ फिरवली की सहाही गोळ्या एकदम घरात बसतात. गोळ्यांची संख्या तीच राहिली, वेळ वाचला.

आता याच घटनेतली एक गंमत सांगतो. गंमत हा शब्द जरा चुकीचाच आहे. अनेक वर्षं पोलीस प्रशिक्षणात एक गोष्ट सांगितली जाई. पेन्सच्या खिशात म्हणे रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. सरावाच्या मैदानावर पुंगळ्या जमिनीवर न टाकता खिशात ठेवायची सवय लावली होती, म्हणून मरणाच्या दारातही त्याने त्या खिशात ठेवल्या आणि तेवढ्यात वेळ गेला. गोष्ट इतकी चपखल, की कुणाला तपासावीशी वाटली नाही. पुढे माइक वुड यांनी या घटनेवर पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं की ही गोष्ट खरी नाही. पुंगळ्या जमिनीवरच पडल्या होत्या. म्हणजे 'सराव जसा, तशी लढाई' हा योग्य धडा पोलीस एका खोट्या दाखल्यावरून शिकत होते. इतिहासात असं होतं. धडा आधी ठरतो आणि दाखला मागाहून घडवला जातो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. चौघे मेले, पण गोळ्या भरताना मेला तो एकटा पेन्स. आधी पोचलेल्या दोघांपैकी फ्रेगोला एकही गोळी झाडता आली नाही आणि गोरला जेमतेम एक. त्यांच्या कमरेला शंभर गोळ्या असत्या तरी काय फरक पडला असता? त्यांचा घात झाला तो गाडीजवळ जाण्याच्या पद्धतीत, पहिल्या काही सेकंदांत. कॅलिफोर्नियाच्या पोलिसांनी हेही ओळखलं आणि गाडी थांबवण्याच्या पद्धती बदलल्या. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? पेन्स आणि त्याची रिकामी रिव्हॉल्व्हर. गोळ्या मोजता येतात, सावधपणा मोजता येत नाही. आणि जे मोजता येतं त्यालाच आपण कारण समजून बसतो.

आता न्यूयॉर्कला जाऊ. तिथे एकाच शहराने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू बघितल्या. २८ जून १९८६ रोजी क्वीन्स भागात स्कॉट गॅडेल हा तरुण पोलीस एका सशस्त्र माणसाचा पाठलाग करत होता. त्याने सहा गोळ्या झाडल्या. समोरच्याकडे जास्त गोळ्यांचं पिस्तूल होतं. गॅडेल पुन्हा गोळ्या भरत असताना मारला गेला. सोळा वर्षांपूर्वीचा पेन्स इथे परत दिसतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मायामीत एफबीआयच्या आठ जणांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली होती. त्यात दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. तिथेही एका एजंटाला रिव्हॉल्व्हर भरत असताना हातावर गोळी लागली. आता सहा गोळ्यांचा जमाना संपणार हे दिसू लागलं. १९९३मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांना नऊ मिलिमीटरचं पिस्तूल वापरायची मुभा मिळाली. या पिस्तुलात गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात आणि मॅगझिन बदलायला दोन-तीन सेकंद पुरतात.

हा बदल चूक होता का? मला तसं म्हणता येत नाही. आकडे बघा. रँड या संशोधन संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांचा अभ्यास करून २००८मध्ये अहवाल दिला. १९९८ ते २००६ या काळात समोरचा माणूस उलट गोळ्या झाडत असताना पोलिसांच्या शंभर गोळ्यांपैकी सरासरी अठरा लागत होत्या. तो झाडत नसेल तेव्हा तीस. आता सहा गोळ्यांचा हिशेब तुम्हीच करा. सहातली जेमतेम एक लागणार. सिनेमात नायकाची एकही वाया जात नाही, तो भाग वेगळा. ज्याला रात्री अंधाऱ्या जिन्यात शिरायचं आहे, त्याने जादा मॅगझिन मागितलं तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण त्याच शहरात ४ फेब्रुवारी १९९९च्या मध्यरात्रीनंतर काय झालं? ब्राँक्समध्ये अमादू डियालो हा गिनी देशातून आलेला तेवीस वर्षांचा तरुण आपल्या घराच्या दारात उभा होता. साध्या कपड्यांतले चार पोलीस त्याच्याकडे आले. त्याने खिशातून पाकीट काढलं. कुणीतरी ओरडलं, बंदूक आहे. एक पोलीस पायऱ्यांवरून मागे पडला, बाकीच्यांना वाटलं त्याला गोळी लागली. चौघांनी मिळून एक्केचाळीस गोळ्या झाडल्या. एकोणीस लागल्या. दोघांनी प्रत्येकी सोळा झाडल्या, म्हणजे पिस्तूल रिकामं होईपर्यंत. डियालोकडे कसलंही हत्यार नव्हतं. पुढच्या वर्षी ज्यूरीने चौघांनाही निर्दोष ठरवलं आणि २००४मध्ये शहराने त्याच्या कुटुंबाला तीस लाख डॉलर देऊन दिवाणी दावा मिटवला.

त्या रात्री सहागोळी रिव्हॉल्व्हर असत्या तर? चौघांच्या मिळून चोवीस गोळ्या. डियालो वाचला असता असं मी म्हणणार नाही, पहिल्या काही गोळ्यांतही माणूस मरतो. पण गोळ्या संपल्या की माणसाला थांबावं लागतं, आणि थांबला की तो बघतो. गॅडेलला त्या थांबण्याने मारलं. डियालोसमोरच्या पोलिसांना ते थांबणं वेळेत मिळालंच नाही. तो एकच क्षण एका ठिकाणी शाप आणि दुसऱ्या ठिकाणी कदाचित वरदान. आता सांगा, आकडा किती ठरवायचा?

आणखी एक माणूस सांगतो आणि मग माझ्या विषयाकडे येतो. २००८मध्ये शिकागोजवळच्या स्कोकी गावचा सार्जंट टिमोथी ग्रॅमिन्स एका बँक दरोडेखोराशी समोरासमोर लढला. त्याच्याकडे पिस्तुलाच्या सत्तेचाळीस गोळ्या होत्या. एका मिनिटाच्या आत त्याने तेहतीस झाडल्या. त्यातल्या बऱ्याच लागल्या, तरी तो माणूस पडेना. अखेर डोक्यात लागल्यावर तो थांबला. त्यानंतर ग्रॅमिन्स रोज एकशे पंचेचाळीस गोळ्या घेऊन कामावर जाऊ लागला. त्याला अशी दुसरी चकमक बघावी लागण्याचा संभव फारच थोडा. हे त्यालाही माहीत असणार. मग एकशे पंचेचाळीस कशासाठी? माझ्या मते तो आकडा गणितातून आलेला नाही, तो आठवणीतून आला आहे. दुष्काळ पाहिलेली आजी घरात चार माणसांसाठी दहा माणसांचं धान्य भरून ठेवते, तसं. आपण तिला हसत नाही. पण तिचं माप सगळ्या गावाला लावतही नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात मध्यममार्ग सांगताना एक उदाहरण दिलंय. योगायोग असा की त्यातही सहाच आहेत. एखाद्याला दहा माप अन्न फार होतं आणि दोन माप कमी पडतं, म्हणून उस्तादाने प्रत्येकाला सहा माप द्यावं का? नाही. मायलो पहिलवानाला सहा कमी पडतील आणि नवशिक्याला तेच जास्त होतील. दहा आणि दोनचा मध्य वहीत काढता येतो. माणसाचा मध्य काढायला तो माणूस, ती वेळ, ती जागा बघावी लागते. त्यासाठी लागणाऱ्या शहाणपणाला तो विवेक म्हणतो, आणि विवेक सरावाने येतो, साठा करून येत नाही.

म्हणून गोळ्या किती घ्याव्यात या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला, कमी पडल्या तर? दुसरा, हातातल्या संपल्या तर पुढच्या किती लवकर भरता येतील? तिसरा, मुळात झाडायची की नाही, आणि थांबायचं कधी? पहिल्या दोघांची उत्तरं पट्ट्यावर लावता येतात. पेन्स आणि गॅडेल यांनी ती आपल्या जिवाच्या मोलाने पुढच्यांना मिळवून दिली, आणि ती नाकारणं कृतघ्नपणा होईल. तिसऱ्याचं उत्तर कुठल्याच पिशवीत मावत नाही.

इतिहास बघताना मला खटकतं ते हे : पहिल्या दोन प्रश्नांसाठी पोलीस मेले, तेव्हा हत्यार बदललं, पट्टा बदलला, सराव बदलला. तिसऱ्या प्रश्नासाठी डियालो मेला. तेव्हा बदलायला सोपी अशी एकही वस्तू हाताशी नव्हती. एक्केचाळीस हा आकडा मात्र लोकांच्या तोंडी राहिला. त्यावर गाणी झाली, मोर्चे निघाले. जादा गोळ्या देताना पोलिसाला जादा काय शिकवायचं, हे त्या आकड्याने विचारलं होतं. तो प्रश्न अजून तसाच उभा आहे, आणि आपल्या शिपायांच्या हातात उद्या लाठीऐवजी पिस्तूल देण्याची भाषा कुणी केली, तर तो आधी आपल्याला सोडवावा लागेल.

इथे थांबतो.