मुंबईच्या महाविद्यालयांतील खेळाडू-भरती आणि मिरा-भाईंदरची वाट

अमेरिकेतील घटकराज्यांच्या विद्यापीठांत फुटबॉल या नावाने जो खेळ चालतो (आपल्याकडील फुटबॉलशी त्याचे नावापलीकडे साम्य थोडेच), त्या खेळाच्या संघासाठी राज्यातील शाळांमधून होतकरू मुले वेचून आणणे हा तेथे एक स्वतंत्र उद्योगच होऊन बसला आहे. विद्यापीठाचा प्रशिक्षक शाळाशाळांतून हिंडतो, मुलाच्या घरी जाऊन आईबापांची मनधरणी करतो. आणि आपल्या राज्यातील उत्तम खेळाडू शेजारच्या राज्यातील विद्यापीठाने नेला, तर ती जाहीर नामुष्की मानली जाते. १९५६ साली तेथील महाविद्यालयीन क्रीडा-संघटनेने खेळाडूंचा शिक्षणाचा व निर्वाहाचा खर्च शिष्यवृत्तीच्या रूपाने देण्यास उघड मान्यता दिली आणि तोवर आडपडद्याने चाललेला बराचसा व्यवहार हिशेबाच्या वहीत आला. इतिहासाच्या अभ्यासकाला ही केवढी तरी सोय होय. आपल्याकडे अशी वही नाही. भरती मात्र होती, आणि आजही आहे. ती मुंबई विद्यापीठाच्या परिसरात कोणी केली, कोणत्या मोबदल्यावर केली, आणि तिचे स्थान महाविद्यालयाकडून शाळेकडे कसे सरकले, याचा विचार येथे क्रिकेटच्या संदर्भात करावयाचा आहे. हा विचार शहराच्या मध्यातून न करता मिरा-भाईंदरकडून करावा, असे आम्हांस वाटते; कारण मध्यातून पाहणाऱ्यास अंतर दिसत नाही, आणि या इतिहासात अंतराला फार महत्त्व आहे.

प्रथम 'आपल्या राज्यातील खेळाडू' या कल्पनेचाच आपल्याकडे काय अर्थ होतो, हे पाहिले पाहिजे. क्रिकेटपुरते बोलावयाचे तर महाराष्ट्र हे एक राज्य नव्हेच. रणजी करंडकाच्या स्पर्धेत त्याचे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात. मिरा-भाईंदर हे महापालिकेच्या नकाशावर मुंबईबाहेरचे, ठाणे जिल्ह्यातील, गाव. क्रिकेटच्या नकाशावर ते मुंबईत मोडते. आणि विद्यापीठाच्या नकाशावर ते पार सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या एका विस्तीर्ण क्षेत्राचा भाग आहे. म्हणजे भाईंदरचा मुलगा कागदोपत्री 'घरचा' खेळाडू ठरतो. परंतु कागदावर घरचा असणे आणि सकाळी सात वाजता आझाद मैदानावर हजर असणे यांत चर्चगेटपर्यंतचे सुमारे ४३ किलोमीटरांचे अंतर आहे. मुंबईच्या भरतीची खरी सीमा कोणत्याही नियमाने आखलेली नव्हती. ती पहाटेच्या लोकलने आखली होती.

विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. एल्फिन्स्टन, विल्सन, सेंट झेवियर्स ही जुनी महाविद्यालये दक्षिण मुंबईत, मैदानांच्या जवळ वसलेली. शाळांसाठी हॅरिस शील्डची स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि लहान मुलांसाठी जाइल्स शील्डची स्पर्धा विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली. या दोन ढाली म्हणजे महाविद्यालयांच्या दृष्टीने एक प्रकारचा जाहीर सूचनाफलकच होता. कोणत्या शाळेत कोणता मुलगा धावा काढतो हे मैदानावर येणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असे, वर्तमानपत्रांत ते छापून येई, आणि प्रवेशाच्या दिवसांत जिमखान्याच्या प्राध्यापकांस वेगळा शोध घेण्याचे फारसे कारण उरत नसे. सुनील गावसकर सेंट झेवियर्स शाळेतून त्याच नावाच्या महाविद्यालयात गेले. दोन्ही संस्था एकाच परिसरातल्या. येथे भरती हा शब्दही मोठा वाटावा.

काही वेळा तर भरती निव्वळ योगायोगाने झाली. अजित वाडेकर एल्फिन्स्टनमध्ये शास्त्र शाखेचे विद्यार्थी होते. इंजिनियर होण्याचा विचार मनात होता. महाविद्यालयास जाताना बसमध्ये बाळू गुप्ते भेटले आणि संघात माणूस कमी आहे, बारावा खेळाडू म्हणून येतोस का, अशी विचारणा त्यांनी केली; दिवसाला तीन रुपये मिळतील, असेही सांगितले. ही हकीकत वाडेकरांच्या संदर्भात वारंवार सांगितली जाते. तिच्यातील तीन रुपयांचा तपशील आम्हांस फार बोलका वाटतो. अमेरिकेतील शिष्यवृत्तीच्या शेजारी ठेवावी अशी मुंबईच्या महाविद्यालयीन क्रिकेटमधील रोख रक्कम शोधू गेल्यास हाती लागते ती एवढी! पुढे १९५८-५९ च्या हंगामात याच वाडेकरांनी आंतरविद्यापीठ सामन्यात दिल्ली विद्यापीठाविरुद्ध ३२४ धावा काढल्या. त्या धावसंख्येला नंतर गावसकरांनी ३२७ धावांनी मागे टाकले, आणि १९७१ साली वाडेकरांच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडीजला गेलेल्या भारतीय संघात गावसकरांची निवड झाली. १९३५-३६ साली सुरू झालेला रोहिंटन बारिया करंडक हा त्या काळी विद्यापीठाकडून थेट कसोटी संघाकडे नेणारा जिना होता, हे या दोन उदाहरणांवरून ध्यानी यावे.

तीन रुपयांवर कोणी चार-पाच वर्षे उन्हात उभा राहत नाही. मग महाविद्यालयाने देऊ केले ते काय? येथे भूगोल बदलतो. १९३७ साली माटुंग्यास रुईया आणि खालसा, १९४१ साली त्याच भागात पोदार, आणि १९५४ साली दादरला कीर्ती महाविद्यालय निघाले. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांवरून येणाऱ्या मुलास दादर सारखेच सोयीचे. शिवाजी पार्क आणि माटुंग्याची मैदाने हाकेच्या अंतरावर. पोदारमधून दिलीप वेंगसरकर, रवि शास्त्री आणि संजय मांजरेकर, रुईयातून संदीप पाटील अशी परंपरा उभी राहिली ती या स्थानमाहात्म्यामुळे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. महाविद्यालयाच्या हाती द्यावयास तीन गोष्टी होत्या : गुण थोडे कमी असले तरी प्रवेश, हजेरीच्या बाबतीत काहीशी सवलत, आणि संघातील जागा. यांपैकी एकही गोष्ट पैशाच्या रूपात नव्हती. खरा मोबदला महाविद्यालयाच्या बाहेर होता, आणि तो देणारेही दुसरेच होते. टाइम्स शील्डच्या स्पर्धेत बँका, गिरण्या आणि कंपन्या आपापले संघ उतरवीत; त्यांस खेळाडू हवे असत, आणि खेळाडूस नोकरी. वाडेकर स्टेट बँकेत गेले, गावसकर निर्लॉनमध्ये, वेंगसरकर टाटांकडे. गिरगावातल्या वा दादरच्या चाळीतील बापाला मुलाच्या खेळाविषयी जी हरकत असे, ती बव्हंशी पोटापाण्याची असे. आणि बँकेतील नोकरी हे तिचे उत्तर होते. पुढे शासनानेही हाच मार्ग धरला. २००५ साली महाराष्ट्र शासनाने खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखून ठेवल्या. अमेरिकेने खेळाडूला शिकत असताना दिले, मुंबईने शिकून झाल्यावर दिले. हा भेद केवळ हिशेबाचा नाही. त्यातून हे निष्पन्न होते की महाविद्यालय हे भरतीचे मुक्काम नसून एक मधले स्थानक होते. मधले स्थानक वगळता येते, आणि पुढे ते वगळले गेले.

ते कसे, याची दोन कारणे आम्हांस दिसतात. पहिले कारण शिक्षणपद्धतीतील बदल. जुन्या पद्धतीत मुलगा अकरावीची मॅट्रिक होऊन सोळाव्या-सतराव्या वर्षी महाविद्यालयात येई आणि लगेच विद्यापीठाचा विद्यार्थी होई. १९७५ पासून दहावीनंतर अकरावी-बारावीचे कनिष्ठ महाविद्यालय आले. मुलगा महाविद्यालयाच्या इमारतीत पूर्वीच्याच वयात आला खरा, परंतु विद्यापीठाच्या संघाचे दार त्याला आणखी दोन वर्षे बंद राहिले. खेळाडूच्या आयुष्यात सोळा ते अठरा ही दोन वर्षे लहान नव्हेत. त्यात २००९ पासून मुंबई परिसरातील अकरावीचे प्रवेश केंद्रीय पद्धतीने संगणकावरून होऊ लागले, आणि प्राचार्यांच्या शब्दावर मिळणाऱ्या जागा आटल्या. या सुधारणेने अनेक अन्याय दूर केले हे मान्य करूनही, जिमखान्याच्या प्राध्यापकाचे जुने अस्त्र तिने बोथट केले हे नोंदविणे भाग आहे.

दुसरे कारण रमाकांत आचरेकर. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराशी त्यांचा संबंध आणि शिवाजी पार्कवरील त्यांचे वर्ग यांची हकीकत सर्वश्रुत आहे. येथे तिचा एकच अंश महत्त्वाचा. त्यांनी मुलांच्या शाळा बदलविल्या. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या शाळेतून शारदाश्रमात आला तो त्यांच्या सांगण्यावरून. आणि रोजची येजा झेपेना म्हणून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. वांद्रे ते दादर हे अंतर ते किती! तेही जेथे जड झाले, तेथे पुढील पिढीतील भाईंदर-विरारच्या मुलांची कल्पना करावी. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागी केली. त्याच वर्षअखेर तेंडुलकर रणजी सामना खेळला आणि १९८९ च्या नोव्हेंबरात, वयाच्या सोळाव्या वर्षी, कसोटी सामना. महाविद्यालय या प्रवासात आलेच नाही. गावसकरांना जो जिना चढावा लागला तो तेंडुलकरांस लागला नाही, आणि हे पाहिल्यावर प्रशिक्षकांनी व पालकांनी आपली सारी दृष्टी शाळेकडे वळविली, यात नवल नाही.

नेमक्या याच सुमारास शहर उत्तरेकडे सरकत होते. विरारहून मुंबईकडे लोकल १८६७ सालीच धावू लागली होती. पण खाडीच्या अलीकडील भाईंदर हे दीर्घकाळ मिठागरांचे, भातखाचरांचे, आणि उत्तन-डोंगरीच्या बाजूस मासेमारांचे, असेच राहिले. मिरा-भाईंदरची नगरपालिका झाली १९८५ साली, महानगरपालिका २००२ साली. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार, २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांच्या वर. गिरगाव-परळमधील लहान खोल्या सोडून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे यांत आहेत. माणसे आली, शाळा निघाल्या, महाविद्यालयेही निघाली. परंतु मैदाने, जुने क्लब आणि ढालींचे सामने दक्षिणेतच राहिले. खेळपट्टीला लोकसंख्येच्या मागे जाता येत नाही.

या परिस्थितीत भरतीचे केंद्र उत्तरेकडे आले ते एका शाळेच्या रूपाने. भाईंदरहून दक्षिणेस तिसरे स्थानक बोरिवली. तेथील स्वामी विवेकानंद आंतरराष्ट्रीय शाळेतील प्रशिक्षक दिनेश लाड यांनी १९९९ साली एका उन्हाळी शिबिरात रोहित शर्मा याला पाहिले. आईवडील डोंबिवलीस, मुलगा आजोबा-काकांकडे बोरिवलीत. नव्या शाळेची फी घरास झेपणारी नव्हती. लाडांनी शाळेकडून ती माफ करून घेतली. २००६ साली पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूर बोईसरच्या शाळेकडून लाडांच्या संघाविरुद्ध खेळला, आणि लाडांनी त्याला आपल्या शाळेत येण्याचा आग्रह केला. पालघर ते बोरिवली रोजची येजा अशक्यप्राय. तेव्हा मुलाला त्यांनी स्वतःच्या घरी ठेवून घेतले. वाचकांनी लेखारंभीचा अमेरिकन प्रशिक्षक आठवावा. प्रतिस्पर्धी संघातील मुलगा हेरणे, पालकांशी बोलणे, फी माफ करणे, निवासाची सोय लावणे, हे सर्व येथे आहे. फरक इतकाच की मुलगा अठरा वर्षांचा नसून चौदा-पंधरा वर्षांचा आहे, बोलावणारी संस्था विद्यापीठ नसून शाळा आहे, आणि खर्च संघटनेच्या नियमाने नव्हे तर एका गृहस्थाच्या स्वयंपाकघरातून भागतो. लाड यांस २०२२ सालचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो योग्यच. तथापि ज्या व्यवस्थेस अशा व्यक्तिगत औदार्यावाचून चालत नाही, तिला व्यवस्था म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच.

या भरतीचे गुणगान सहज करता येते, कारण आपणास ठाऊक असलेली सर्व नावे यशस्वी झालेल्यांची आहेत. आमच्या मते या विषयाच्या अभ्यासातील मुख्य अडचण हीच. शर्मा आणि ठाकूर यांच्या बरोबरीने, त्याच वयात, भाईंदर वा मीरा रोडच्या फलाटावरून पाठीवर किटबॅग घेऊन पहाटेची गाडी धरणारी जी मुले होती, त्यांपैकी बहुतेकांचे पुढे काय झाले याची नोंद कोठेही नाही. महाविद्यालय मधले स्थानक असताना निदान एवढे होते की खेळात मागे पडलेला मुलगा पदवी घेऊन बाहेर पडे. आणि टाइम्स शील्डच्या 'ब' वा 'क' गटातील एखाद्या कचेरीतही त्याला जागा मिळे. भरती चौदाव्या वर्षावर आल्यावर तो आधार पातळ झाला. कंपन्यांनी खेळाडूंसाठी नोकऱ्या देणे पुष्कळ कमी केले. बोर्डाच्या परीक्षेत खेळाडूंस जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण मिळतात. पण त्यांसाठी विशिष्ट पातळीपर्यंत खेळलेले असावे लागते, आणि उंबरठ्यावरून परतलेल्यास त्यांचा उपयोग नाही. (मुलींच्या क्रिकेटची कथा याहून निराळी असून तिला स्वतंत्र लेख हवा.)

अशा मुलांचा मागोवा घेता येणारच नाही असे मात्र नाही. महाविद्यालयांच्या वार्षिक नियतकालिकांतून जिमखान्याचे अहवाल छापले जात. त्यांत संघातील सर्वांची नावे असतात, केवळ शतकवीरांची नव्हे. ती नावे प्रवेशपुस्तकांतील पूर्वीच्या शाळेच्या रकान्याशी ताडून पाहिल्यास कोणत्या दशकात कोणते महाविद्यालय कोणत्या शाळांवर अवलंबून होते, याचा नकाशा काढता येईल. शाळांच्या बाबतीत दाखल्यांची पुस्तके आहेत. आठवी-नववीत मध्येच आलेल्या मुलांची संख्या, आणि तीत धावफलकावरील नावे किती, एवढे मोजले तरी पुष्कळ कळेल. धावफलक एकटा पुरत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात पृथ्वी शॉ याने ५४६ धावा केल्या तेव्हा फलकावर शाळेचे नाव होते वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्डचे; मुलगा होता मूळचा विरारचा. मुलाच्या राहत्या स्थानकाचे नाव लिहिण्यास धावफलकावर रकाना नसतो. तो रकाना संशोधकाला स्वतः आखून घ्यावा लागेल.