गर्दीचं मुखत्यारपत्र

पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदत्वाची अट आजच्या कुठल्याही पक्षाला घाम फोडील अशी होती. किमान पन्नास माणसांनी सही करून दिलेलं मुखत्यारपत्र आणेल तोच सभासद. अशी पत्रं घेऊन ९५ जण आले आणि त्यांच्यामागे सुमारे ६,००० माणसं उभी होती. म्हणजे सरासरी काढली तर एकेका सभासदाच्या पाठीशी त्रेसष्ट जण.

निवडणुकीच्या जाहीर सभेचं कूळ शोधता शोधता मी या अटीपाशी आलो आणि तिथून पुढे माझं पाऊलच हलेना. ‘सभेला जमलेली माणसं मतं देतात का?’ हा प्रश्न दर निवडणुकीत नव्याने विचारला जातो. माझं म्हणणं असं, की त्याचं उत्तर या रीतीच्या जन्मातच आहे. आपल्याकडची सभेची गर्दी मतपेटीच्या पोटी जन्मलेली नाही. ती अर्जाची लेक आहे. सरकारला ‘आमच्यामागे इतकी माणसं आहेत’ हे दाखवण्यासाठी ती जमू लागली, आणि तेव्हा जमणाऱ्यांना मताचा अधिकारच नव्हता.

सार्वजनिक सभेचं निमित्त पर्वती संस्थानच्या कारभाराचं होतं. देवस्थानच्या व्यवस्थेबद्दल तक्रारी वाढल्या, लोक एकत्र आले, गणेश वासुदेव जोश्यांनी, म्हणजे सार्वजनिक काकांनी पुढाकार घेतला. जोशी वकील होते. माझ्या मते मुखत्यारपत्राची कल्पना थेट कोर्टातून आली. साहेब पहिला प्रश्न हाच विचारणार, ‘तुम्ही बोलताय ते कुणाच्या वतीने?’ वकिलाकडे त्याचं उत्तर तयार असतं: वकीलपत्र. इथे गर्दी होती, पण कागदावरची. तिच्यातल्या प्रत्येकाला नाव होतं, सही होती, आणि तिच्या वतीने बोलणारा एक ठरलेला माणूस होता.

त्याच सुमाराला इंग्लंडात नेमकं उलटं चाललेलं होतं. तिथे १८७२ पर्यंत मतदान उघड असे. उमेदवारांची नावं उघड्या मैदानात लाकडी मंचावरून पुकारली जात, आणि निवडणूक अधिकारी समोर जमलेल्या सगळ्यांना हात वर करायला सांगे. त्या जमावात मताचा हक्क नसलेले मजूर, कारागीरही असत आणि तेही हात उंचावत. हात पाहून निकाल जाहीर होई. तो मान्य नसलेला उमेदवार रीतसर मतदानाची मागणी करी आणि मग फक्त हक्कदारांची मतं नोंदवली जात. चार्टिस्ट चळवळीचे पुढारी अर्नेस्ट जोन्स १८४७ मध्ये हॅलिफॅक्सला उभे राहिले. हात वर करण्याच्या फेरीत ते सरळ सरळ निवडून आले. मतदान झालं, आणि दोन जागांसाठीच्या चार उमेदवारांत ते शेवटचे ठरले. मैदान तेच, माणसं तीच. फरक इतकाच, की पहिल्या मोजणीत सगळे होते आणि दुसरीत हक्कदार.

१८७२ च्या गुप्त मतदानाच्या कायद्याने ती हात उंचावण्याची फेरीही गेली. पण रीत मेली नाही. तोवर ती इंग्रजी पद्धतीच्या जाहीर सभेबरोबर मुंबईला पोचली होती. शहरातले प्रतिष्ठित शेरीफला अर्ज करत, शेरीफ नगरवासीयांची सभा बोलावी, अध्यक्ष निवडला जाई, ठराव मांडला जाई, अनुमोदन होई, हात वर होत आणि ठराव सरकारकडे रवाना होई. आजही एखादा नेता भाषणाच्या शेवटी ‘हात वर करून सांगा’ म्हणतो, किंवा मोबाइलचे दिवे लावायला लावतो, तेव्हा मला त्या उंचावलेल्या हातांत हॅलिफॅक्सच दिसतं.

यावर विरुद्ध पक्ष आहे आणि तो कच्चा नाही. तो म्हणतो, आपल्याकडे माणसं जमण्याची परंपरा इंग्रजांआधीची: कीर्तन, जत्रा, वारी, पुढे तमाशाचा फड. वक्ता म्हणजे बुवांचाच अवतार. सभेला जाणारा मत द्यायला जात नाही, ऐकायला जातो, म्हणून गर्दी आणि मतं यांचा मेळ बसत नाही. ऐकण्याच्या ओढीपुरतं हे मला पूर्ण मान्य आहे. आचार्य अत्र्यांच्या सभांना विरोधकही जाऊन बसत, ते त्या ओढीनेच. पण कीर्तनात ठराव नसतो. कीर्तनाला सूचक आणि अनुमोदक लागत नाहीत, आणि कीर्तन संपल्यावर कलेक्टरकडे कागद जात नाही. सभेचा सांगाडा अर्जाचा आहे, तिच्यावरचं मांस कीर्तनाचं असेल.

लोकमान्य टिळकांकडे पाहा. मैदानाची ताकद त्यांच्याइतकी कुणी ओळखली नव्हती. पण १८९५ मध्ये ते मुंबई प्रांताच्या कायदेमंडळावर निवडून गेले, ते लोकल बोर्डांच्या सभासदांच्या मतांवर. त्यांना ऐकायला येणाऱ्या शेतकऱ्याला किंवा गिरणी कामगाराला त्या निवडणुकीत काहीच स्थान नव्हतं. १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. त्या संपाचा रोख मतपेटीकडे नव्हता, सरकारकडे होता. १९१९ च्या सुधारणांनंतरही प्रांतिक निवडणुकीत मताचा हक्क शंभरात जेमतेम तिघांना मिळाला. म्हणजे निदान पन्नास वर्षं या देशात सभा भरत राहिल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य श्रोत्यांकडे मत नव्हतं. १९५१-५२ मध्ये प्रत्येक प्रौढाला मत मिळालं आणि जुन्या सभेवर एका रात्रीत नवं काम येऊन पडलं.

ते काम तिने एकदा चोख केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिवाजी पार्क, गिरगाव चौपाटी भरून वाहत होती, आणि १९५७ मध्ये मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली. अत्रे स्वतः आमदार झाले. पण त्याच निवडणुकीत द्विभाषिक मुंबई राज्यात बहुमत काँग्रेसचंच राहिलं, कारण विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात त्या मैदानांत आलेले नव्हते. गर्दी खोटी नव्हती. ती जिथली होती, तिथल्यापुरतीच खरी होती.

गर्दी किती, हेही आपण धड मोजत नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी १९६७ मध्ये एक साधी रीत मांडली. व्हिएतनाम युद्धाविरुद्धचे विद्यार्थी त्यांच्या खिडकीखालच्या चौकात जमत. फरशीवर चौकोन आखलेले होतेच. त्यांतली डोकी मोजून गुणाकार करायचा. विरळ गर्दीत माणसामागे दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार. आता शिवाजी पार्क घ्या. मैदान सुमारे २८ एकर, म्हणजे सव्वाबारा लाख चौरस फुटांच्या आत-बाहेर. विरळ बसवले तर सव्वा लाख माणसं, दाटीवाटीने उभे केले तर पावणेतीन लाखांच्या आत. तेही मंच, जिमखाना, वाटा काहीच न वगळता. तिथे ‘पाच लाख’ म्हणायचं तर माणसाला अडीच चौरस फूटही मिळत नाही. आणि ते पावणेतीन लाख खरोखर आले तरी ते डोंबिवली, ठाणे, पनवेल, पुणे असे विखरून परत जातात. मुंबईतल्या एकाच लोकसभा मतदारसंघात चौदा लाखांहून अधिक मतदार असतात.

२०१९ चं उदाहरण म्हणूनच मला फार मोलाचं वाटतं. त्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांच्या पक्षाचा एकही उमेदवार नव्हता, पण ‘लाव रे तो व्हिडिओ’च्या भाजपविरोधी सभांनी मैदानं ओसंडली. नांदेड, सोलापूर, इचलकरंजी, पुणे इथे सभा झाल्या आणि चारही ठिकाणी काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचा उमेदवार पडला. सातारा आणि रायगडला आघाडी जिंकली, पण सातारा तरी राष्ट्रवादीच्या जुन्या बळावरची जागा होती असं मानायला भरपूर आधार आहे. गर्दी आली, ऐकून गेली. तिच्या हातात मत होतं, पण तिने त्याचं मुखत्यारपत्र मंचाला दिलेलं नव्हतं.

त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले. तीन दिवसांनी मतदान झालं आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील ८७ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. पावसाने मतं आणली असं म्हणणारे आहेत. मी तसं म्हणणार नाही. पाच महिन्यांपूर्वी त्यांचे प्रतिस्पर्धी उदयनराजे भोसले याच मतदारसंघातून राष्ट्रवादीच्याच चिन्हावर निवडून आले होते आणि नंतर पक्ष सोडून भाजपमध्ये गेले होते. राग आधीच साचलेला होता, त्या संध्याकाळी तो उघड झाला. जमलेले बहुतेक लोक त्याच जिल्ह्यातले, त्याच मतदारयादीतले होते. पुण्याच्या ९५ जणांची आठवण करून देणारी अशी सभा मला अलीकडे दुसरी दिसत नाही.

ग्रामसभेत मात्र जमाव आणि मत आजही एकच आहेत. महाराष्ट्रात तिची गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. हात वर झाले की ठराव झाला. पण दारूबंदीसाठी बायकांना ‘आडवी बाटली’ करायची असते तेव्हा कायदा गुप्त मतदानाची सोय देतो. चावडीसमोर उंचावलेला हात कुणाच्या डोळ्यांसमोर उंचावला जातो, हे गावातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

निवडणूक आयोग सभेतली गर्दी मताच्या हिशेबात धरत नाही. पण त्याचं व्हिडिओ पथक प्रत्येक मोठ्या सभेला हजर असतं. ते मंचाची लांबी-रुंदी टिपतं, खुर्च्या मोजतं, फलक मोजतं, गाड्या आणि त्यांचे नंबर बोलून नोंदवतं. त्या नोंदींवरून उमेदवाराच्या नावे खर्चाची समांतर वही भरत जाते, आणि लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत सध्या ९५ लाखांची मर्यादा आहे. खुर्चीचं भाडं त्या वहीत चढतं. खुर्चीत बसलेल्याला तिथे रकाना नाही. त्याचं नाव आहे ते मतदारयादीत, बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी गावच्या.