चीनच्या सणांना सुट्टी कुणी दिली?

आजचा विषय ऐकायला हलकाफुलका वाटेल. चीनमध्ये सार्वजनिक सुट्ट्या कोणत्या आणि लोक त्या कशा साजऱ्या करतात, एवढंच. पण सुट्टीची यादी हा सरकारी कागद असतो आणि सण हा घरातला. हे दोन्ही एकमेकांशी जुळतातच असं नाही. चीनमध्ये गेल्या शंभराहून जास्त वर्षांत ते अनेकदा जुळले नाहीत, त्यातून भांडण झालं, आणि मला आज त्या भांडणाचीच गोष्ट सांगायची आहे.

आधी आजची यादी बघून घेऊ. 2025 पासून चीनमध्ये देशभर सगळ्यांना मिळून 13 दिवस सुट्टी आहे. 1 जानेवारीचा एक दिवस, वसंतोत्सवाचे म्हणजे चिनी नववर्षाचे चार, छिंगमिंगचा एक, कामगार दिनाचे दोन, त्वानवूचा एक, शरद पौर्णिमेचा एक आणि 1 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाचे तीन. यातल्या 1 जानेवारी, 1 मे आणि 1 ऑक्टोबर या तारखा इंग्रजी कॅलेंडरच्या. बाकीचे चार सण जुन्या पंचांगाचे.

हे जुनं पंचांग आपल्याला परकं वाटायला नको. ते आपल्यासारखंच चंद्र आणि सूर्य दोघांना सांभाळून चालतं. महिना चंद्राचा, वर्ष सूर्याचं, आणि दोघांचा मेळ बसावा म्हणून मधूनमधून अधिक महिना. नियमही सारखाच आहे: ज्या चांद्रमासात सूर्याचं संक्रमण पडत नाही, तो अधिक. फरक एवढाच की सूर्याची गणना ते सायन पद्धतीने करतात आणि आपण निरयन. त्यामुळे अधिक महिना कधीकधी वेगळ्या वर्षी येतो. 2025 मध्ये चीनचा सहावा महिना अधिक होता, आपला अधिक ज्येष्ठ 2026 मध्ये. परिणाम असा झाला की त्यांची शरद पौर्णिमा, जी बहुतेक वेळा आपल्या भाद्रपद पौर्णिमेला येते, ती 2025 मध्ये 6 ऑक्टोबरला, थेट कोजागरीच्या दिवशी आली. आपण मसाला दूध आटवत होतो, तेव्हा तिकडे मूनकेक कापले जात होते.

आता गोष्टीकडे वळू. चीनमध्ये पंचांग काढणं हा सम्राटाचा अधिकार होता. दरवर्षी दरबारातले ज्योतिषी गणित मांडत आणि पंचांग राजाच्या नावाने निघे. खोटं पंचांग छापणाऱ्याला मृत्युदंडाची धमकी त्या पंचांगावरच छापलेली असे. कोरियासारख्या मांडलिक राज्यांनी चिनी सम्राटाचं पंचांग स्वीकारणं म्हणजे त्याचं वर्चस्व मान्य करणं. काळ मोजण्याचा हक्क सत्तेचा, ही समजूत तिथे फार जुनी आहे. म्हणूनच 1912 साली सम्राट जाऊन प्रजासत्ताक आलं, तेव्हा नव्या सरकारने पहिल्या काही दिवसांतच कॅलेंडर बदललं. सन यात-सेन यांनी 1 जानेवारी 1912 ला नानजिंगमध्ये अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि लगेच देशाने पाश्चात्त्य सौर कॅलेंडर स्वीकारल्याचं जाहीर झालं. जगाबरोबर चालायचं तर तारीख जगाची हवी, हा त्यामागचा विचार.

मंडळी, सरकारी कचेऱ्यांमध्ये तारीख बदलली, पण स्वयंपाकघरात बदलली नाही. जुन्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, उत्तरेत 23 तारखेला आणि दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी 24 ला, लोक चुलीच्या देवाला निरोप देत. हा देव वर्षभर चुलीजवळच्या चित्रात बसून घरातलं सगळं ऐकतो आणि वर्षाअखेरीस स्वर्गात जाऊन अहवाल देतो. म्हणून त्याच्या तोंडाला चिकट गोड मिठाई लावायची. म्हणजे तो गोड बोलेल, किंवा निदान तोंड उघडणार नाही! मग घर झाडायचं, दारावर लाल कागदाचे शुभलेख चिकटवायचे, अमावस्येच्या रात्री सगळ्या कुटुंबाने एकत्र जेवायचं. उत्तरेत करंजीच्या आकाराचे च्याओझ उकडायचे, ताटात मासा ठेवायचाच, कारण 'मासा' आणि 'शिल्लक' या दोन्ही शब्दांचा उच्चार चिनी भाषेत एकच, 'यू'. हे सगळं 1 जानेवारीला कसं करणार? त्या दिवशी ना अमावस्या, ना पिकाची उसंत.

आणखी एक पक्कं कारण होतं, पैशाचं. जुन्या चीनमध्ये उधारी वर्षातून तीनदा मिटवली जायची: त्वानवूला, शरद पौर्णिमेला आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री. आपल्याकडे दिवाळीच्या वह्यापूजनाला व्यापाऱ्याच्या लेखी जे महत्त्व, तेच त्या रात्रीला. सावकाराचं देणं, दुकानाचं खातं सगळं या तारखांना बांधलेलं. सण हलवायचा म्हणजे बाजार हलवायचा.

युआन शिकाईच्या सरकारने 1914 मध्ये तडजोड काढली. 'नववर्ष' हे नाव 1 जानेवारीला, आणि जुन्या नववर्षाला नवं नाव, 'छुनज्ये', म्हणजे वसंतोत्सव. आज चीनमधला माणूस ज्या सणाला सर्वात पारंपरिक मानतो, त्याचं हे अधिकृत नाव अशा रीतीने एका सरकारी फायलीतून आलेलं आहे.

पुढे चँग कै-शेक यांच्या राष्ट्रवादी सरकारला तडजोड नको होती. 1930 च्या सुमारास त्यांनी जुनं पंचांग बंदच करायला घेतलं. जुन्या तिथ्यांची पंचांगं छापायची नाहीत, जुन्या नववर्षाला दुकानं बंद ठेवायची नाहीत, शुभलेख आणि शुभेच्छा सगळं 1 जानेवारीला करायचं. पोलिस फिरून दुकानं उघडायला लावत. लोकांनी काय केलं? दुकान उघडं ठेवलं आणि आत सण केला. काही वर्षांतच सरकारने हा नाद सोडला.

1949 मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांनी सुट्ट्यांचा नियम काढला: वर्षाला फक्त सात दिवस, पण त्यातले तीन वसंतोत्सवाला. म्हणजे माओंच्या सरकारने सुरुवातीला लोकांच्या सणापुढे मान तुकवली होती. ती मान पुन्हा ताठ झाली सांस्कृतिक क्रांतीत. 1967 च्या जानेवारीत वसंतोत्सवाची सुट्टी रद्द झाली. घरी जाऊ नका, कामावर राहा, सण 'क्रांतिकारी' पद्धतीने करा. चुलीच्या देवाच्या जागी माओंचं चित्र आलं. कित्येक ठिकाणी पक्वान्नांऐवजी कोंडा आणि रानभाजीचं जेवण वाढलं जाई, जुन्या जमान्यातल्या हालांची आठवण म्हणून. ही सुट्टी परत यायला 1980 उजाडलं.

या काळातला छिंगमिंग मात्र इतिहास घडवून गेला. छिंगमिंग हा पितरांचा दिवस. तो सूर्यावर चालतो, त्यामुळे आपल्या संक्रांतीसारखा जवळजवळ ठरल्या तारखेला, 4 ते 6 एप्रिलच्या दरम्यान येतो. लोक पूर्वजांच्या थडग्यावर जातात, गवत उपटतात, माती सारखी करतात, अन्न ठेवतात, कागदी पैसे जाळतात. तेव्हा या दिवसाला सार्वजनिक सुट्टी नव्हती. 1976 च्या जानेवारीत पंतप्रधान चौ एन-लाय वारले. त्यांच्याबद्दल लोकांना जिव्हाळा होता, आणि शोक आवरता घेण्यावर वरच्यांचा भर होता. मग छिंगमिंग आला तसे लोक पेइचिंगच्या तिआनमेन चौकात पुष्पचक्रं घेऊन जमू लागले. हजारो लोक, कागदाची पांढरी फुलं, आणि त्यांबरोबर सत्ताधाऱ्यांना टोचणाऱ्या कविता. 4 एप्रिलच्या रात्री ती पुष्पचक्रं हटवली गेली, 5 तारखेला लोक चिडले, चौक बळाने रिकामा केला गेला. डेंग शियाओपिंग यांचं पद त्यात गेलं. अडीच वर्षांनी, 1978 च्या अखेरीस, पक्षाने त्याच घटनेला क्रांतिकारी ठरवलं.

छिंगमिंगशी आपल्या मराठी माणसाचंही नातं आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथेच वारले. त्यांची समाधी शिच्याच्वांग शहरात आहे. छिंगमिंगला तिथे फुलं वाहिली जातात. पितरांच्या रांगेत त्या लोकांनी आपल्या एका माणसाला जागा दिली आहे.

मग हे जुने सण सरकारी यादीत आले कसे? पहिलं कारण बाजार. आशियातल्या आर्थिक संकटानंतर लोकांनी खर्च करावा, फिरावं म्हणून 1999 मध्ये सुट्ट्या सातावरून दहा केल्या आणि सलग सात दिवसांचे 'सुवर्ण सप्ताह' सुरू झाले. दुसरं कारण अभिमान. दक्षिण कोरियातल्या गांगनुंग गावच्या पाचव्या महिन्यातल्या उत्सवाला 2005 मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. चीनमध्ये ओरड झाली की आमचा त्वानवू पळवला. त्वानवू म्हणजे कवी छू युआनने नदीत जीव दिला त्याची आठवण, नागाच्या तोंडाच्या होड्यांची शर्यत आणि बांबूच्या पानात बांधलेला चिकट भात. खरं तर दोन्ही सण पुष्कळ वेगळे आहेत. पण आपल्याच सणाला आपल्याच देशात सुट्टी नाही, हे अनेकांना तेव्हा टोचलं. 2008 पासून छिंगमिंग, त्वानवू आणि शरद पौर्णिमा सुट्टीच्या यादीत आले. 2009 मध्ये चीनच्या त्वानवूलाही युनेस्कोची मान्यता मिळाली, आणि डिसेंबर 2024 मध्ये वसंतोत्सवाला. ज्या सणाची सुट्टी एकदा रद्द झाली होती, तो आता राष्ट्राचा वारसा म्हणून जगापुढे मांडला जातो.

म्हणजे लोक जिंकले का? माझं उत्तर आहे, अर्धे. सण कोणता, हे लोकांनी ठरवलं. पण सुट्टी कशी, हे अजून सरकारच ठरवतं. सलग सुट्टी जुळवण्यासाठी आजूबाजूचे शनिवार-रविवार उचलून तिथे लावतात, आणि मग त्या बदल्यात लोकांना एखाद्या रविवारी कामावर जावं लागतं. यावर चीनमध्ये दरवर्षी कुरकुर होते.

आणि ही कुरकुर समजायची तर वसंतोत्सवाच्या आधीचं रेल्वे स्टेशन डोळ्यांसमोर आणा. या काळातल्या प्रवासाचा सरकारी हंगाम 40 दिवसांचा असतो, सणाच्या आधी 15 आणि नंतर 25. गावाकडून शहरात आलेल्या कामगाराची नोंदणी गावाचीच राहते. त्यामुळे मुलांची शाळा, दवाखाना हे शहरात सहज मिळत नाही, आणि कित्येकांची मुलं आजी-आजोबांकडे गावी वाढतात. अशा आईबापांना पोर वर्षातून एकदा भेटतं, याच सणाला. 2020 मध्ये वूहान शहर बंद झालं ते 23 जानेवारीला, वर्षअखेरच्या जेवणाच्या आदल्या दिवशी. पुढच्या वर्षी सरकारने पुन्हा सांगितलं, आहात तिथेच सण करा. कारण साथीचं होतं आणि ते खरं होतं, पण किती घरांत ताट वाढून कुणी बसलं असेल, याचा विचार करा.

2025 मध्ये जे दोन दिवस यादीत वाढले, त्यातला एक म्हणजे वर्षाची शेवटची रात्र ज्या दिवशी येते तो दिवस. ज्या रात्री सगळ्यांनी घरी असायचं, त्या दिवसाची हक्काची सुट्टी.

पुढच्या वेळी चिनी नववर्षाच्या लाल कंदिलांचा फोटो बघाल, तेव्हा त्यामागची ही ओढाताण आठवा. आजच्या भागात एवढंच.