दिवाणांची घड्याळे

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात दुपारी बाराच्या सुमारास एकाच घड्याळासमोर माणसांची दाटी होते. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीचे ते घड्याळ. आत एक चिमुकला लोहार सेकंदासेकंदाला हातोडा घालीत असतो. तास भरायला तीन मिनिटे उरली की एक दाढीवाला बाहुला दार उघडून येतो आणि वेळ होताच टोले देऊन आत जातो. बाराला टोले सर्वांत अधिक, म्हणून गर्दीही तेव्हाच. मीही त्या गर्दीत बसून ते बारा टोले मोजले.

हा संग्रह मूळचा दिवाण देवडीतला. निजामाच्या दिवाणांचा, सालारजंग घराण्याचा, तो वाडा. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान १९४९ साली वारले. १९५१ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते वाड्यातच संग्रहालय उघडले. १९६८ साली ते मुसा नदीकाठच्या आजच्या इमारतीत आले. फ्रान्स, इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मनी, हॉलंड अशा देशोदेशींची घड्याळे येथे आहेत. त्यांची कारागिरी पाहून थक्क व्हावे, आणि मी झालोही.

पण मी शिरढोणचा. पनवेलजवळचे हे गाव वासुदेव बळवंत फडक्यांचे. सालारजंग हे नाव आम्हांला केवळ संग्रहालयाचे नाव म्हणून वाचता येत नाही. पहिले सालारजंग, मीर तुराब अली खान, १८५३ पासून दिवाण होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १८७९ साली, रामोशांचे बंड मोडल्यावर वासुदेव बळवंत रोहिल्यांची नवी फौज जमविण्यासाठी निजामाच्या मुलखात गेले. पाठलागावर मेजर डॅनियल, आणि त्याच्या जोडीला निजामाच्या पोलिसांचा अधिकारी अब्दुल हक. २० जुलै १८७९ रोजी कलादगी जिल्ह्यात देवर नावडगीला वासुदेव बळवंत पकडले गेले.

हे बंडखोर त्याआधी पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीत कारकून होते. शिरढोणला आई अत्यवस्थ असल्याचे कळले, पण रजा वेळेवर मिळाली नाही. ते घरी पोचले तेव्हा आई गेली होती. पुढे वर्षश्राद्धालाही रजा नाकारली गेली. दुष्काळ आणि परवशता ही बंडाची मोठी कारणे खरीच, पण मला वाटते, त्या कारकुनाच्या मनात पहिली ठिणगी कचेरीच्या घड्याळानेच टाकली.

आपल्याकडे पूर्वी घटिकापात्र होते. तळाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. दिवस मोजायचा तो सूर्योदयापासून. जेथे माणूस, तेथला सूर्य आणि तेथलीच वेळ. आगगाडी, तारयंत्र आणि कचेरी आल्यावर वेळ दुरून ठरू लागली. १ जानेवारी १९०६ रोजी सरकारने प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती, आणि मुंबई महापालिकेने ती पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. त्यात सोयीपेक्षा मानाचा प्रश्न मोठा होता: आमच्या गावी बारा वाजले हे कोणी सांगायचे?

दिवाणांच्या वाड्यात घड्याळ हा शौक होता. कारकुनाच्या गळ्यात तोच फास होता. एकाच काळातल्या या दोन गोष्टी संग्रहालयाच्या दालनात शेजारी मांडता येत नाहीत. इतिहासाच्या तासाला येतात. पहिले सालारजंग ८ फेब्रुवारी १८८३ रोजी हैदराबादेत वारले. वासुदेव बळवंतांनी १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात देह ठेवला. अंतर अवघे नऊ दिवसांचे. मी या दोन्ही तारखा फळ्यावर एकाखाली एक लिहितो आणि वजाबाकी मुलांना करायला सांगतो.