बाबा पद्मनजी : पाळक आणि ग्रंथकार

पाथरीच्या माणसाला धर्मांतराची गोष्ट अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही. अहमदनगरची निजामशाही ज्या घराण्याने स्थापन केली त्याचे मूळ आपल्या याच गावात होते, असे फेरिश्ता सांगतो. पाथरीच्या कुळकर्णाचा वारसा सांगणारे एक ब्राह्मण घराणे विजयनगरच्या मुलखात जाऊन राहिले. त्यातला एक मुलगा बहामनी फौजेच्या हाती सापडला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने वजीरपदापर्यंत चढला. त्याच्या मुलाने १४९० साली अहमदनगरास आपले स्वतंत्र राज्य उभे केले. पुढे बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली. बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. इमादशहा ऐकेना, तेव्हा १५१८ साली त्याने ती लढून घेतली. धर्म बदलून दोन पिढ्या गेल्या होत्या, तख्त हाताशी होते, तरीही पूर्वजांच्या गावाची ओढ सुटली नव्हती.

ही जुनी कथा आम्ही येथे मुद्दाम सांगितली. धर्म सोडणारा माणूस आपल्यापैकी कितीसे सोडतो आणि कितीसे बरोबर नेतो, हा प्रश्न तिच्यातून उभा राहतो. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात हाच प्रश्न पुन्हा आला, तेव्हा त्याच्याशी तलवारीचा संबंध नव्हता; शाळा आणि छापखाना यांचा होता.

मराठवाड्यात या काळाची खूण जालन्यास आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी तेथे काम केले आणि जवळच बेथेल नावाची वसाहत वसविली. या नारायणरावांनी १८४३ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि पोर बापाच्या ताब्यात मिळाले. पण मिशनऱ्यांच्या पंक्तीस बसलेल्या मुलाला जातीत कसे घ्यावे, यावरून मोठे रण माजले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, असे म्हणणारे बाळशास्त्री जांभेकर स्वतः निंदेचे धनी झाले. जो बाहेर गेला त्याला परतीची वाट नाही, असाच त्या वेळच्या समाजाचा बहुमताचा निवाडा होता. बाबा पद्मनजींनी पुढे जे पाऊल टाकले ते हे सारे ठाऊक असताना टाकले, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

बाबा पद्मनजी मुळे यांचा जन्म १८३१ साली बेळगावास कासार कुळात झाला. घर भाविक होते. व्रतवैकल्ये, पोथ्या, पुराणे यांत बाबांचे बालपण गेले. आधी बेळगावच्या मिशन शाळेत आणि मग मुंबईस त्यांचे शिक्षण झाले. तरुणपणी ते परमहंस मंडळीत गेले. दादोबा पांडुरंगादी मंडळींनी १८४९ च्या सुमारास चालविलेली ही गुप्त सभा होती. जातिभेद आणि मूर्तिपूजा तिला मान्य नव्हती. सभासद एकत्र बसून खात. परंतु हे सगळे दाराला कडी लावून. बाहेर आल्यावर जो तो आपापल्या जातीत आणि आपापल्या सोवळ्यात. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली, तेव्हा मंडळी पांगली.

तिला सर्वस्वी भित्री म्हणणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. वाळीत पडलेल्या माणसाची पाण्यावाचून, सोयरिकीवाचून आणि प्रेताला खांद्यावाचून काय दशा होत असे, याची कल्पना आज करवत नाही. पण बाबांच्या स्वभावाला हे झाकलेले सत्य मानवले नाही. जे मनात धरले ते चारचौघांत बोलावे, ही तळमळ त्यांना लागली होती. १८५४ साली बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दूर परगावी न जाता, जेथे सारे ओळखत होते त्याच गावी घेतला, यातच त्यांच्या स्वभावाची परीक्षा होते. तेवीस वर्षांच्या मुलाचे हे कृत्य घरातल्यांनी कसे सोसले असेल, याचाही विचार सहृदय माणसाने करावा. अशा प्रसंगात दुःख एकाच बाजूचे नसते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ साली, 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण, असा त्याचा विषय ग्रंथाच्या नावातच सांगितला आहे. विधवाविवाहाचा कायदा नुकताच १८५६ साली झाला होता. परंतु कायदा कागदावर होता आणि न्हाव्याचा वस्तरा घराघरात होता. कथेतील यमुना ही शिकलेली मुलगी. ती नवऱ्याबरोबर प्रवासास निघते आणि गावोगाव तिला विधवांची दुःखे दिसतात व ऐकू येतात. मग तिच्यावरच तो प्रसंग येतो. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून या पुस्तकाचे नाव घेतले जाते. काही टीकाकार तो मान १८६१ च्या 'मुक्तामाले'ला देतात. कारण 'यमुनापर्यटना'त प्रचार फार आहे, असा त्यांचा आक्षेप. प्रचार आहे, यात शंका नाही. विधवेच्या दुःखावर धर्मांतर हाच उपाय, हे लेखकाचे उत्तर बहुसंख्य वाचकांनी स्वीकारले नाही, आणि कथेच्या ओघातही ते बाहेरून आणल्यासारखे वाटते. पण प्रश्न कोणी विचारला आणि उत्तर कोणते दिले, या दोन गोष्टी वेगळ्या तोलल्या पाहिजेत. 'मुक्तामाले'सारख्या कादंबऱ्या अद्भुत प्रसंगांत रमल्या असताना या पाळकाने मराठी घराच्या माजघरातील अंधाराकडे बोट दाखविले. तेहतीस वर्षांनी, १८९० पासून, हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' क्रमशः येऊ लागली. विधवेचे दुःख सांगणाऱ्या त्या थोर कादंबरीची नायिकाही यमुनाच आहे. हा योगायोग असो वा नसो, पहिली यमुना आपण विसरू नये.

बाबांचे पुढले आयुष्य शिकवणे, उपदेश आणि लेखन यांत गेले. त्यांनी पुण्यास मिशन शाळेत अध्यापन केले आणि १८६७ साली तेथील फ्री चर्च मंडळीचे ते पाळक झाले. नंतर मुंबईस ट्रॅक्ट सोसायटी आणि बायबल सोसायटीच्या पुस्तकांचे संपादन केले. 'सत्यदीपिका' हे नियतकालिकही त्यांनी चालविले. लहानमोठी मिळून त्यांची शंभरांवर पुस्तके भरतात. त्यांतील पुष्कळशी वादाची आणि प्रसंगापुरती असल्यामुळे काळाबरोबर गेली. परंतु मोल्सवर्थच्या अवाढव्य मराठी-इंग्रजी कोशाचा त्यांनी केलेला १८६३ चा संक्षेप टिकला. मोल्सवर्थचा मोठा ग्रंथ गरीब विद्यार्थ्याच्या आवाक्यात नव्हता. तो त्यांनी हातात मावेल असा केला. धर्माने दूर गेलेला हा माणूस मराठीचा एकेक शब्द वेचून, निवडून पुढल्या पिढीसाठी ठेवत बसला होता, हे चित्र आम्हांला त्यांच्या सर्व वादग्रंथांहून मोठे वाटते.

पुढे त्यांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र आले. मराठीत छापून निघालेल्या अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी ते एक. ते लिहिण्याचा हेतू धार्मिक होता. पण आज वाचणाऱ्याला त्यात जुन्या मराठी घराचे नेम, सण, पाठांतर आणि भीती यांचे असे वर्णन सापडते, की तेथेच राहिलेल्यांनीही क्वचितच लिहून ठेवले. जो उंबरठा ओलांडून गेला त्यानेच मागे वळून सारे घर पाहिले. २९ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्या काळी पाथरी निजामाच्या राज्यात होती. कचेरीची भाषा आधी फारसी आणि १८८४ पासून उर्दू. मराठी घरात आणि भजनात होती; सरकारदरबारी तिला थारा नव्हता. ही स्थिती १९४८ पर्यंत टिकली. आपली भाषा परक्या दारात राखणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही. म्हणूनच बाबा पद्मनजींचे मोल आपल्याला अधिक कळावे.

त्यांचे मत पटावे असा आमचा आग्रह नाही. धर्माच्या बाबतीत प्रत्येकाने आपल्या अंतःकरणाला विचारावे. पण मराठी वाङ्मयाच्या वतनात त्यांचा जो हिस्सा आहे तो मतभेदामुळे बुडवता येणार नाही. ज्या घराण्याने कुळकर्णाच्या आठवणीने पाथरी मागितली, त्याला ती लढून घ्यावी लागली. बाबांनी मात्र काहीच मागितले नाही. उलट कोश देऊन ठेवला, कथा देऊन ठेवली. त्यांचा हिस्सा आपण होऊन त्यांच्या नावे लिहावा, एवढेच काम आपल्याकडे उरले आहे.